न प्यालेला चहा

कैऱ्यांचे क्रेट उतरवून दत्ताभाऊ आज उभ्याउभ्याच निघाले.

"चहा ठेवलाय की, भाऊ."

"आज नको वहिनी, घाई आहे."

रिकामा टेम्पो घेऊन कसली घाई? बारा वर्षांत माझ्या लोणच्याच्या कारखान्यातून ते चहा न घेता कधी गेले नव्हते. कपातल्या चहावर साय धरली तरी मी टेम्पो गेला त्या वाटेकडेच बघत राहिले. एखाद्या मोठ्या कंपनीने तर गाठलं नसेल यांना? ऐन हंगामात कैऱ्या आल्याच नाहीत तर? घरोबा वाढला की दुसरा माणूस हाताशी ठेवणंही गद्दारी वाटू लागतं.

शेवटी फोनमध्ये जुन्या व्यापाऱ्याचा नंबर शोधला. सापडेना. मग आठवलं, तो मीच काढून टाकला होता. दत्ताभाऊंसमोर, त्यांना बरं वाटावं म्हणून.