मिशनरींचा बर्फातला आठवडा

"राहू द्या, मी करतो," हे त्यांचं वाक्य संपायच्या आत त्यांनी तुमचं काम सुरू केलेलं असे. तुम्ही नको म्हणालात तरी उपयोग नसे, कारण त्यांच्या मते नको म्हणणं हा नुसता शिष्टाचार होता आणि तो मनावर घ्यायचा नसतो. "सेवा विचारून करायची नाही, बाय," असं ते मला समजावत. "विचारलं की माणूस लाजतो."

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, आणि त्याच्यापासून लपायची जागाही तुम्ही हेरून ठेवली असेल. आमच्या शारजातल्या हमरिया फ्री झोनमधल्या कंपनीत ते गोडाऊन सांभाळत आणि मी शिपिंगची कागदपत्रं. वसईचे कॅथलिक, साठीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तोंडावर आम्ही त्यांना अंकल म्हणायचो आणि पाठीमागे मिशनरी. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आमचा एक सेल्समन पार दुबईच्या त्या टोकाला, जुमेरा लेक टॉवर्सला राहायचा. एका संध्याकाळी तो दमलेला दिसला म्हणून अंकल त्याला ऐन ट्रॅफिकमध्ये घरी सोडून आले. आपली गाडी ऑफिसखालच्या पार्किंगमध्येच उभी आहे, हे सांगायचा त्याने वाटेत प्रयत्न केला म्हणे. दुसऱ्या दिवशी बिचारा टॅक्सी करून ऑफिसला आला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ते बिर्याणीची पातेली घेऊन लेबर कॅम्पवर जात. आठवड्याची झोप काढत पडलेल्या माणसांना हलवून उठवत आणि वाढत. शेवटी तिथल्या फोरमनने मला मध्ये घातलं. पोरांना सुट्टीच्या दिवशी झोप हवी असते, असं मी अंकलना जमेल तितक्या गोड शब्दांत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी बिर्याणीबरोबर उशाही नेल्या.

आमच्या घरी एकदा चहाला आले आणि माझ्या मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट पुरं करून गेले. "मम्मा, आय वॉज ऑलमोस्ट डन," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्यांची स्वतःची मुलगी वसईला होती. ती दर वर्षी फोनवर सांगायची, पप्पा, आता पुरे झालं, वरची खोली तयार आहे, या. आणि ते दर वर्षी व्हिसा वाढवून घ्यायचे. एकदा मी विचारलं, कायमचे का जात नाही? तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडलेले मी पाहिले. "तिथे माझं काम काय? बसून खायला जाऊ? ज्या दिवशी मी कुणाच्या उपयोगाचा नाही, त्या दिवशी खलास." त्यांच्या सगळ्या सेवेच्या मुळाशी ही भीती होती, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी त्यांना माझ्या फायली उचलू द्यायला लागले.

मग गेल्या जानेवारीत त्यांच्या चर्चमधली काही मंडळी आठवडाभराच्या सेवेसाठी रशियाशेजारच्या जॉर्जियाला निघाली. डोंगरातल्या एका गावात सिस्टर लोकांचा वृद्धाश्रम होता. त्याच्या भिंती रंगवायच्या, खिडक्या दुरुस्त करायच्या, लाकडं फोडायची. अंकलनी ऑफिसभर फिरून गरम कपडे मागितले. आता शारजात गरम कपडे कुणाकडे असणार? पण गावी न्यायला घेऊन ठेवलेलं जाडजूड फुलाफुलांचं ब्लँकेट प्रत्येकाच्या पलंगाखाली असतं. ती सगळी त्यांनी गोळा केली.

स्वतःसाठी मात्र घेतला ऑफिसात घालायचा अर्ध्या बाह्यांचा स्वेटर आणि मिस्सेला घालायचे पॉलिशचे बूट. मी म्हटलं, अंकल, तिथे बर्फ असेल. ते हसले. "बाय, इतकी वर्षं या एसीखाली काढली. मला थंडी शिकवू नको." हसू नका. आखातातले आपण सगळेच मनातून असंच समजतो.

ते पोचले त्या रात्री बर्फाचं वादळ सुरू झालं. रस्ता बंद, वीज बंद. सकाळी एक सिस्टर लाकडं आणायला अंगणात निघाली. "राहू द्या, मी करतो," म्हणत आमचे मिशनरी पॉलिशच्या बुटांनी बाहेर पडले आणि पायरीवरच घसरले. घोटा मोडला. डॉक्टर येणं शक्यच नव्हतं. सिस्टरनी पायाला पट्ट्या बांधल्या आणि त्यांना हॉलमध्ये शेगडीजवळच्या खाटेवर झोपवलं. शारजाहून नेलेली ब्लँकेटं एकावर एक त्यांच्याच अंगावर चढली.

बाकीच्यांनी त्यांच्या डोळ्यांसमोर भिंती रंगवल्या, आणि त्यांच्या मते फार वाईट रंगवल्या. अंकलची सेवा करायला उभी राहिली ती आश्रमातलीच एक म्हातारी. ती चमच्याने सूप भरवू लागली. हे म्हणाले, मी खातो. तिने चमचा त्यांच्या हातावर हाणला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी ते रुसून उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी भूक लागली म्हणून तोंड उघडलं. पुढे पुढे ती त्यांचे केस विंचरायची, पायाखालची उशी सारखी करायची, आणि तिला वाटेल तेव्हा त्यांना झोपायला लावायची.

परत आल्यावर चर्चमध्ये या मिशनची चित्रफीत दाखवली. तिच्यात अंकल बहुतेक वेळ ब्लँकेटखाली होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकल मात्र महिनाभर प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसून असायचे, कुणाच्या कामाला हात लावायचे नाहीत. मला वाटलं, लाज वाटत असेल.

एक दिवस पँट्रीत मी माझा चहा करत होते, तेव्हा ते कुबडी टेकत आले आणि स्वतःहून बोलले. "निघायच्या दिवशी सिस्टर मला काय म्हणाली माहितीय? ती म्हातारी कित्येक महिने अंथरुणातून उठली नव्हती. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मी पडलो ते तिने खिडकीतून बघितलं आणि उठली. सिस्टर म्हणाली, इतकी माणसं इथे सेवेला आली, पण तुमच्याएवढी सेवा कुणी केली नाही."

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"काय चांगलं? मला तर रागच आला. मी काहीच केलं नव्हतं, बाय. नुसता पडून होतो." त्यांनी कुबडी ओट्याला टेकवून ठेवली. "माझी मुलगी इतकी वर्षं बोलवते. मी तिच्याकडे जातो ते भांडी घासतो, नळ दुरुस्त करतो आणि परत येतो. तिला मी कधी माझ्यासाठी काही करूच दिलं नाही."

मी माझा चहा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी तो प्यायला.

त्यांनी व्हिसा वाढवला नाही. शारजा एअरपोर्टवर त्यांना सोडायला मीच गेले. घोटा नीट जुळला नव्हता, म्हणून मुलीने तिकिटाबरोबर व्हीलचेअरही सांगून ठेवली होती. ती घेऊन एक मल्याळी माणूस आला. अंकल खुर्चीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता हे त्या माणसालाच खुर्चीत बसवून ढकलत नेणार.

पण ते बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. आधी चाकांवर ठेवले, तर तो माणूस म्हणाला, अंकल, हाथ अंदर. मग त्यांनी ते मांडीवर घेतले.

"यल्ला भाई," ते म्हणाले, "ले चलो."

मी काचेच्या दाराशी उभी राहिले. मला रडू येत होतं, आणि ज्यांच्यापासून लपायचो त्यांच्यासाठीच रडतोय याचं हसूही येत होतं. ते वळून बघतील असं वाटलं होतं. पण ते समोर बघत, तो माणूस नेईल तिकडे चालले होते.