डॉक्टरांचा कान खरा होता

डॉक्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर जेवत होतो. वाशिमहून परतताना एसटी तिथं थांबली होती. फोनवर जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर गणपत होता. "सर, आपले इंगोले डॉक्टर गेले. अटॅक आला. हिंगोलीतच, घरी." मी कधी, कसं वगैरे विचारलं, हात धुतले आणि बसमध्ये जाऊन बसलो. त्या वेळी मनात जे आलं ते लिहायला मला सहा-सात आठवडे लागले. पहिल्यांदा मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं. ज्यांच्यापुढे एक गोष्ट कबूल करायची होती ते गेले, आता विचारणारं कुणी नाही... बस हलली, तोंडावर वारा आला आणि आपण काय विचार केला ते कळलं. खिडकीकडे तोंड करून बसलो, शेजारच्याला दिसू नये म्हणून.

मुरलीधर इंगोले सेनगावला जनावरांचे डॉक्टर म्हणून आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. ते माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, तरी मला कायम "सर"च म्हणत. जनावर तपासताना त्यांची एक पद्धत होती. स्टेथोस्कोपची नळी लावण्याआधी ते गाईच्या डाव्या कुशीला सरळ गाल टेकवायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. मग सांगायचे, "रवंथ थांबलाय कालपासून. सोयाबीन खाल्लं का हिनं?" आणि खाल्लेलं असायचंच. आसपासच्या तांड्यांवर त्यांना कानवाला डॉक्टर म्हणत. हाच कान घरी गाण्याला लावायचा, एवढाच त्यांचा शौक. बैठकीत विटांवर ठेवलेले दोन स्पीकर, बरोबर मध्ये एक खुर्ची, आणि औरंगाबादहून मांडीवर धरून आणलेला सीडी प्लेअर. रविवारी सकाळी लाइट असली की आम्ही चार-सहाजण जमायचो. वहिनींचे पोहे व्हायचे. डॉक्टर डबी उघडून सीडी दोन बोटांनी कडेला धरून बाहेर काढायचे, तेव्हा खोलीत कुणी बोलत नसे.

दोन हजार दोन-तीनच्या सुमारास मी संगणकाचे क्लास काढले आणि सीडी रायटर घेतला. एका सीडीत दीडशे गाणी बसतात याचं गावाला केवढं अप्रूप होतं! पोरं रांग लावायची. मी सगळ्यांना समजावून सांगायचो, एमपीथ्री म्हणजे काय, माणसाच्या कानाला जे ऐकूच येत नाही तेवढंच त्यातून काढून टाकतात, बाकी गाणं जसंच्या तसं. एका रविवारी मोठ्या ऐटीत तशी एक सीडी घेऊन गेलो. डॉक्टरांनी माझ्यासमोर ती लावली, नीट ऐकली. एका जुन्या गायिकेचा ख्याल होता, त्यांच्याकडे त्याची मूळ सीडीही होती. ते अगदी हळू म्हणाले, "गाणं आहे, सर. पण बाई श्वास घेऊन न्हाई राहिली. अन् तंबोरा ओला झाल्यासारखा वाटून राहिला." मंडळी हसली. माझ्यावर हसली असं मला वाटलं.

मी म्हटलं, परीक्षा घेऊ. पुढच्या रविवारी मी एक सीडी तयार करून नेली. त्यात त्याच ख्यालाची सुरुवात पुन्हा पुन्हा भरली होती, काही वेळा मूळ सीडीवरून, काही वेळा एमपीथ्री करून. क्रम फक्त मला ठाऊक. प्लेअरच्या आकड्यांवर नॅपकिन टाकला, डॉक्टरांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, रिमोट माझ्या हातात. खरं सांगतो, फसवायचं म्हणून मी गेलो नव्हतो. घरी दहादा ऐकून मला दोन्हींत काडीचा फरक कळला नव्हता, त्यामुळे त्यांनाही कळणार नाही अशी माझी खात्री होती. पहिल्यांदा त्यांनी बोट वर केलं, "ही मूळ." बरोबर होतं, मी तसं सांगितलं. दुसऱ्यांदा, "ही सरांची." तेही बरोबर. बँकेतले जोशी म्हणाले, "वा डॉक्टर!" तिसऱ्यांदा बाईंचा आवाज यायच्या आतच, नुसत्या तंबोऱ्यावर, त्यांनी बोट वर केलं... आणि मी म्हणालो, "चुकलं."

तो शब्द तोंडातून कसा गेला मला माहीत नाही. गेला खरा. मग तो सांभाळायला पुढच्या सगळ्या उत्तरांनाही "चुकलं"च म्हणावं लागलं. ते एकदाही चुकले नव्हते. जोशी मांडीवर थाप मारून म्हणाले, "डॉक्टर, बैलाचं पोट न्हाई हे!" सगळे खो खो हसले, आणि सगळ्यात जास्त मी. डॉक्टरांनी खुर्ची वळवली. तेही हसले, पण मग त्यांनी एक बोट कानात घालून हलवलं, पाणी गेल्यावर हलवतात तसं. "असंल," म्हणाले, "वय झालं आता." चाळिशी ओलांडून त्यांना दोन-चार वर्षंच झाली असतील.

रविवारच्या बैठका त्यानंतर आपोआप बंद पडल्या. महिन्याभरानं त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्या सीड्यांची पेटी पुढे केली. "हे सगळं तुमच्या पद्धतीनं बसवून द्या, सर. फरकच पडत न्हाई तर काहून कपाट अडवायचं?" मी ती पेटी घरी नेली. रोज संध्याकाळी एक-एक सीडी घालून माझ्या हातानं त्यांचं सगळं गाणं बारीक केलं. मूळ सीड्या त्यांनी एका नातेवाइकाला देऊन टाकल्या. मला तेव्हाही बोलता आलं असतं. पेटी परत देताना मी फक्त म्हणालो, "चांगलं बसलंय."

पण एवढ्यावरच राहिलं असतं तर मी कदाचित विसरलोही असतो. एकदा शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून एका तांड्यावर गेलो होतो. लक्ष्मण राठोडची गाय चारा सोडून उभी होती, पुढचे पाय फाकवून. डॉक्टरांनी गाल टेकवला, मग छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. नळी काढली, पुन्हा लावली. आणि मग माझ्याकडे वळून ती माझ्या पुढे धरली.

"सर, तुमी ऐका बरं. मला पाणी हलल्यासारखा आवाज येऊन राहिला. का मलाच वाटून राहिलं?"

मी नळी कानाला लावली. धप धप ऐकू आलं, बाकी काही कळलं नाही. तसं मी सांगितलं. ते मान हलवत राहिले. "मंग मलाच वाटलं असंल. दवाई देतो, उद्या बघू." लक्ष्मण तिथंच उभा होता. म्हणाला, "पयले तुमी कान लावला का सांगून मोकळे व्हायचे, सायेब. आज मास्तरला काहून इचारलं?" डॉक्टर बॅग आवरत राहिले.

गाय दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. चाऱ्याबरोबर तार गेली होती पोटात, ती काळजापर्यंत पोचली होती; तिथं साठलेल्या पाण्याचाच तो आवाज होता. डॉक्टर मला म्हणाले की आदल्या दिवशी कळूनही ती वाचलीच असती असं नाही. ते खरं असेल. पण त्या शनिवारी तांड्यावरून परतताना गाडीवर त्यांच्या पाठीमागे बसून मी ते वाक्य चार-पाच वेळा जुळवलं होतं. डॉक्टर, तुम्ही त्या रविवारी एकदाही चुकला नव्हतात. एवढंच. सेनगाव आलं, मी उतरलो, "बरंय" म्हणालो.

पुढे त्यांची डोंगरकडा गावी बदली झाली, हिंगोलीला घर झालं. भेटी लग्नाकार्यात होऊ लागल्या आणि मी जेवणाच्या पंगतीत त्यांच्यापासून लांबची जागा बघू लागलो.

मागच्या आठवड्यात वहिनींना भेटायला गेलो. आधी त्यांना सांगायचं, मग लिहायचं, असं ठरवून गेलो होतो. त्या आपणहून डॉक्टरांच्या गोष्टी सांगत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "त्यांनी नांदेडला कान तपासून घेतले होते, तुमाला बोलले न्हाईत का? मशीनवर बसवून तपासले. तिथले डॉक्टर म्हणे, कान पोरासारखे आहेत. मला वाटलं, खूश होतील. तर घरी येऊन म्हणाले, सुमन, कान चांगले आहेत, म्हंजी मनच खोटं ऐकून राहिलं." आणि त्या थोडं हसल्या, नवऱ्याच्या वेड्यासारख्या बोलण्यावर हसावं तशा.

मग मी सांगितलं. नॅपकिन, रिमोट, तिसरा आवाज, सगळं.  वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.  शेवटी म्हणाल्या, "त्यांना सांगितलं असतं तर हसले असते हो ते. पुन्हा बोलावलं असतं रविवारी." बोटाचा पदर त्यांनी सोडवला. "मला न्हाई हसू येणार, सर," त्या म्हणाल्या. 

 एकदम त्यांनी मान वर केली. "फाटकाची कडी वाजली का?" लगेच पुढे, सवयीनं, "का मलाच वाटलं?" आणि माझ्याकडे बघू लागल्या. या घरात कुकरची शिट्टी, फोनची घंटी, सगळं असं एकमेकांना विचारून मग खरं धरत असावेत, हे मला तेव्हा कळलं. ही सवय डॉक्टरांनी लावली होती. त्यांना ती कुणी लावली, ते मी नुकतंच सांगितलं होतं.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. हो म्हणून टाकावं असं क्षणभर वाटलं.

"मला न्हाई आला आवाज, वहिनी," मी म्हणालो. "पण तुमाला आला न? मंग वाजली असंल. जाऊन बघा."

 त्या उठल्या, चपला न घालताच अंगणात गेल्या. बाहेर दूधवाला उभा होता. त्या त्याला म्हणत होत्या, "आले, आले. ऐकलं मी."