पिनरचा सांबा आणि सुधीरकाकांचा ढोल

शनिवारची प्रॅक्टिस झाली की हाताला फोड आणि पदरात एक किस्सा घेऊन मी घरी येते. फोड बरे होतात. किस्से मात्र साठतच चाललेत, म्हटलं तुम्हाला सांगून थोडे हलके करावेत!

आमचा सांबा बँड लंडनमधल्या पिनरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये वाजवतो. शिकवणारी मार्सिया ब्राझीलच्या रेसिफेची. मराठी आम्ही तिघंच: मी, सुधीरकाका आणि मीनाकाकू. काका रिटायर्ड, तरुणपणी पुण्यात ढोलपथकात होते. कमरेला अडकवायचा तो भलामोठा सुर्दो बघताच ओरडले, "अगं, हा तर आपला ढोलच!"

वाजवण्याआधी त्यांनी बूट काढले आणि सुर्दोला हात लावून नमस्कार केला. मार्सिया बघतच राहिली. पुढच्या शनिवारी तिनेही बूट काढले, मग सगळ्यांनीच! दाराबाहेरचा ढीग बघून केअरटेकर दबकत आत डोकावला. "आत सगळे ठीक आहेत ना?"

* * *

काकांचा एकच प्रॉब्लेम. ढोलासारखा हात चढत जातो, लय वाढत जाते! सांबात तर मोठ्या सुर्दोच्या ठोक्यावर सगळा बँड चालतो. काका पळाले की आम्ही सगळे धापा टाकत मागे.

एकदा मार्सियाने शिट्टी फुंकून सगळ्यांना थांबवलं. "सुधीर, तुला नक्की पोचायचंय कुठे?"

मागून काकू म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी हेच विचारतेय!"

* * *

मला मिळाली कुईका. हा ड्रम बडवायचा नाही, आतली काडी ओल्या फडक्याने घासायची. मग तो हसतो, रडतो, विव्हळतो. मी तर प्रेमातच पडले! आमच्या स्टॅनमोरच्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी रियाज सुरू.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाई दारात. "तुमचा कुत्रा बरा आहे ना?" मी काही बोलायच्या आत हातात बिस्किटांचा पुडा ठेवून गेल्या.

मी कुईका पुसून आत ठेवेपर्यंत नवऱ्याने त्यातली दोन चहाबरोबर खाल्ली होती. म्हणाला, "गोड कमी आहेत, पण छान आहेत."

* * *

मग फोहो या ब्राझिलियन नाचाची संध्याकाळ. अकॉर्डियन, ट्रँगल, ड्रम आणि जोडीजोडीने अगदी बिलगून नाचायचं. काकूंनी चारचौघांत काकांचा हातसुद्धा कधी धरलेला नाही!

"जवळ या, जवळ!" मार्सिया ओरडत होती.

"अहो, लोक बघताहेत," काकू पुटपुटल्या. मग मार्सियालाच धरून संध्याकाळभर अशा काही नाचल्या की बास! काका सगळ्यांचे कोट सांभाळत उभे.

सोमवारी सकाळी मार्सियाला काकांचा फोन. "फोहोचा प्रायव्हेट क्लास घेतेस का? मीनाला सांगू नकोस."

* * *

आणि मग यंदाचा कार्निव्हल! हाय स्ट्रीटवरून मिरवणूक, आणि मोठा सुर्दो काकांकडे. मार्सियाने आधीच बजावलं होतं, "आज गडबड केलीस तर पुढच्या वर्षी सगळ्यात मागे खुळखुळा!" काका रात्रभर झोपले नाहीत म्हणे.

पण काय वाजवलं त्यांनी! एकदाही पळाले नाहीत.

आणि वाटेत वृद्धांचं केअर होम आलं. पुण्यात पथक हॉस्पिटलसमोर आलं की ढोल बंद, ही काकांची हाडीमाशी मुरलेली सवय. त्यांनी टिपरू वर धरलं आणि थांबले!

मोठा सुर्दोच गप्प, मग बाकीचे कुणाच्या जिवावर वाजवणार? अख्खा बँड अडखळत बंद पडला. मार्सिया लालबुंद होऊन धावत आली. "सुधीर! काय करतोयस?"

"आत आजारी माणसं आहेत गं," काका म्हणाले. चेहरा एवढासा झालेला.

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. व्हीलचेअरमध्ये पांढऱ्या केसांच्या एक आजी. "सकाळपासून लिपस्टिक लावून बसलोय आम्ही! थांबलात कशाला?"

आणि त्यांनी हातातली काठी खिडकीच्या चौकटीवर आपटायला सुरुवात केली. धम्म... धम्म... धम्म... संथ, पक्का ठोका. शेजारच्या खिडकीत कुणी कपावर चमच्याने ताल धरला.

काकांनी आजींकडे बघत टिपरू खाली आणलं, आणि बँड उसळला! नर्सेस दारात येऊन नाचायला लागल्या, काकूसुद्धा!

रस्ता संपल्यावर काका मान खाली घालून मार्सियाकडे गेले. "पुढच्या वर्षी मी मागे ना?"

"हो," मार्सिया म्हणाली आणि मागे आजींच्या खिडकीच्या दिशेने बोट दाखवलं. "त्यांच्या मागे!"