उंबऱ्याबाहेर नेलेली नळी

केळझरच्या गणपतीच्या टेकडीवर मी त्या दिवशी नमस्कार करायला नव्हे, भांडायला चढले होते. खोटं कशाला सांगू? हातात अंगाऱ्यासाठी मायनं दिलेला कागदाचा चिटोरा होता आणि डोक्यात एकच प्रश्न होता. माझी पेटी सांगते की बाळंतीण ठीक आहे, मग माझी बहीण उशीवरून मान का उचलत नाही? देवावर त्या दिवसांत माझा विश्वास अर्धामुर्धाच होता. पुरा विश्वास होता तो पेटीवर.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी शिकून नर्स झालेली, जवळच्याच एका गावी नेमणूक. माझ्याकडे रक्त तपासायची वीतभर लाकडी पेटी होती. तिच्यात आकडे कोरलेली एक नळी आणि नळीच्या दोन्ही अंगांना तपकिरी काच. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, नळीतल्या औषधात सोडायचं, दहा मिनिटं थांबायचं. मग नळीतला रंग काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं. जुळला की पाणी ज्या आकड्यावर, तेवढं अंगातलं रक्त. रक्त चांगलं असेल तर पाणी पुष्कळ लागतं, कमी असेल तर चार थेंबांतच रंग फिका पडतो. आसपासच्या गावांत अशी पेटी माझ्याचजवळ होती, आणि तिचा मला केवढा तोरा!

धाकटी कमल पहिल्या बाळंतपणाला केळझरला मायकडे आली होती. मुलगी झाली, पण रक्त फार गेलं. मी तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा खोलीची खिडकी पोत्यानं बुजवलेली, शेगडी पेटलेली आणि भर दुपारी कंदील लावलेला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आमच्याकडे असंच करतात. मी पेटी उघडली तशी माय दारात आडवी झाली. बाळंतिणीचं रक्त पाचवी पुजल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायचं नाही, कुणी करणी करतं, असं तिचं म्हणणं. तिची सख्खी बहीण बाळंतपणात गेली होती, आणि तिचं रक्ताचं फडकं कुणीतरी बाहेर नेलं म्हणूनच ती गेली, हे मायच्या मनात चाळीस वर्षं रुतून बसलं होतं. मी म्हटलं, कशाला वाद? काम होण्याशी मतलब. सगळं खोलीतच उरकलं. कंदिलाशी नळी धरून पाणी घालत गेले, घालत गेले, आणि आकडा आला साडेनऊ.

बाळंतिणीला एवढं ठीकच, मी खूश! मायला सांगितलं, काळजी नको, थकवा आहे. कमल म्हणत होती, छातीत धडधडतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. चौथ्या दिवशी तर पोरीला पाजायलाही तिला कुशीवर वळता येईना. आणि मी मेली तिच्यावरच डाफरले, साडेनऊ रक्त आहे तुझं, ढोंगं पुरे कर. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते वाक्य आजही मला सलतं.

पाचव्या दिवशी सकाळी तिला हाक मारली तर ‘ओ’ द्यायलाही तिला वेळ लागला. मायनं मला अंगारा आणायला पिटाळलं. गाभाऱ्यापुढे उभी राहून मी मनात म्हटलं, बाप्पा, तूच सांग आता, माझी नळी खोटी की माझी बहीण? मूर्ती नेहमीसारखीच शांत. माझा संताप आणखीच चढला. मी तशीच वळले.

सभामंडपात सिंदीच्या बाजारातला कुणी कापसाचा पारखी दर्शनाला आला होता. काळी टोपी घातलेला, दम लागलेला म्हातारा माणूस. एका शेतकऱ्यानं त्याला तिथेच गाठलं आणि पिशवीतून कापसाचा पुंजका काढून समईजवळ धरला. म्हाताऱ्यानं त्याचा हात बाजूला सारला.

“इथं नाई. दिव्यापाशी डागी माल बी चांगला दिसते. भाईर चाल, उजेडात पाहू.”

शिकताना हेच तर सांगितलं होतं, रंग दिवसाच्या उजेडात जुळवायचा. पण दवाखान्यात माझं टेबल कायम खिडकीशी, त्यामुळे ते वाक्य कधी कामी आलं नाही आणि विसरून गेलं. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात फिका रंगही गडद दिसला, आणि तो जुळून गेल्यावरही मी पाणी ओततच राहिले होते. अंगारा तिथेच राहिला. मी टेकडी धावत उतरले.

कमलचं बोट पुन्हा टोचलं. थेंब निघायलाच वेळ लागला. नळीत औषध, दहा मिनिटं थांबायचं, आणि दारात पुन्हा माय. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मी हात जोडले आणि म्हटलं, “माय, माझं चुकलं. मी अंधारात पाहिलं. ही नळी बाहेर नेऊ दे.”

तिनं एकदा कमलकडे पाहिलं. मग माझ्यापुढे हात केला.

“आन इकडं. मीच नेतो. कोनाले काई करायचं असंल तं मले करील.”

पदराखाली नळी धरून तिनं उंबरा ओलांडला. तिचे ओठ पुटपुटत होते, गणपतीचं नाव असावं. अंगणात तुळशीजवळ उजेडात तिनं नळी धरली आणि मी पाणी सोडलं. एक थेंब, दोन, थोडे आणखी, आणि रंग जुळला. साडेचार. मी पुन्हा पाहिलं. साडेचारच.

मायनं शेजारच्या चौघांना हाक मारून बाजेसकट कमलला तडक सडकेवर नेलं, म्हणून वर्ध्याची मोटर सापडली. पवनारच्या पुलावर तिची नाडी हाताला लागेना. मागे माय तान्हीला छातीशी धरून बसलेली. तिथे मी पहिल्यांदा देवाशी भांडले नाही. म्हटलं, माझ्या हातात होतं ते सगळं माझ्याकडून बिघडलं, आता तुझ्या हातात. बोटं सरकवत राहिले आणि नाडी पुन्हा लागली.

वर्ध्याला माझं रक्त तिच्याशी जुळलं. ते तिला चढवलं. दुसऱ्या दिवशी ऊन खिडकीत आलं तेव्हा तिच्या ओठांवर किंचित रंग होता. डोळे उघडून ती म्हणाली, “अक्का, मी ढोंग नोतो करत ना?” मी तिच्या पायांवर डोकं टेकलं. थोरली असून टेकलं.

पुढे सिंदीला जाऊन मी त्या म्हाताऱ्याला शोधून काढलं. सगळं सांगितलं तर तो गोंधळलाच. “मी तं कापसाचं बोललो, बाई,” म्हणाला. ते मलाही कळतं. तो कापसाचंच बोलला होता, पण मी देवाला विचारून वळले त्याच घडीला बोलला. हा चमत्कार की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्या वाट्याची कृपा मला पोचली, एवढं पुरे.

नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक बाळंतिणीची नळी बाहेर उजेडात नेऊन पाहिली. आणि आकडा वाचायच्या आधी तिला विचारत गेले, “तुला कसं वाटतं बाई, ते आधी सांग.”