तलंग की कोंबडा

सिल्की जातीच्या कोंबडीला पिसं नसतातच असं वाटतं. पिंजलेला कापूस अंगावर चिकटवावा तसं सगळं मऊ, आणि डोक्यावर त्याच कापसाचा एक झुपका. हौशी लोक ही जात प्रदर्शनासाठी वाढवतात. तिची एकच अडचण आहे. पिल्लू नर आहे की मादी, हे पाच-सहा महिने भल्याभल्यांना कळत नाही.

मी तेव्हा हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होतो. बायको आणि मुलगी अमरावतीला परत गेल्याला दोन वर्षं झाली होती. भांडण असं काही झालं नव्हतं. एवढा रिलीज होऊ दे, मग बोलू, असं मी म्हणत राहिलो आणि एक दिवस बोलायला घरात कुणी उरलं नाही. मुलगी नऊ वर्षांची होती. मे महिन्यात आणि दिवाळीत ती माझ्याकडे यायची. त्या मेमध्ये तिला दाखवायला काहीतरी असावं, म्हणून मी सिल्कीची दोन पांढरी पिल्लं आणली.

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांच्या उसाच्या रानात आयटी पार्क उभा राहिला होता आणि जुन्या घरावर दोन मजले चढले होते. मी वरच्या मजल्यावर, माझ्या खाली कॉल सेंटरमधली मुलं.

“कोंबड्या पाळा की,” मावशी म्हणाल्या. “पन कोंबडा नगं. खालची पोरं रातपाळी करून पहाटं झोपत्यात. आरवला की त्याच दिशी भाईर.”

पिल्लं ज्यांच्याकडून आणली ते पेठेतले एक निवृत्त शिक्षक. त्यांना मी ही अट सांगितली आणि यातली तलंग कोणती, म्हणजे मादी कोणती, ते विचारलं.

“सहा महिने थांबा. झुपका चेंडूसारखा गोल राहिला तर तलंग. मागे वळून लांब पिसं लोंबायला लागली तर कोंबडा.”

“त्याआधी नाही का कळणार?”

“अहो, तुमच्या कंपनीत सगळं तारखेला होतं, म्हणून कोंबडीनंही व्हावं असं आहे का?”

मुलगी आली आणि तिनं पहिल्याच दिवशी एक पिल्लू मांडीवर घेतलं. “बाबा, ही मुलगी आहे.”

“कशावरून?”

“मी विचारलं तिला.”

महिनाभर ते पिल्लू तिच्या मांडीवरच होतं. ती जायच्या सुमाराला त्याचा झुपका डोळ्यांवर यायला लागला. तिनं केसांचं छोटं रबर काढून तो मागे बांधला. प्रदर्शनवालेही असंच बांधतात. दुसरं पिल्लू जवळ येईना, त्याला तिनं तसंच सोडलं. निघताना मला बजावलं, “मी नसताना तू बांधायचं. आणि दिवाळीत ती इथंच असली पाहिजे.”

“असेल,” मी म्हणालो.

त्यानंतरचे महिने मी त्या पिल्लांच्या सोबतीनं काढले. कामावरून आलो की गच्चीत खुराड्यापाशी बसायचो. तिचं पिल्लू येऊन माझ्या बुटावर उभं राहायचं. दर रविवारी फोन व्हायचा. पूर्वी “शाळा कशी आहे”, “बरी आहे” एवढ्यावर तो संपायचा. आता ती पिल्लाबद्दल विचारायची, मी सांगायचो, आणि अर्धा तास कसा जायचा कळायचं नाही. आमच्या दोघांत बोलण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती, आणि हे मला माहीत होतं.

दिवाळीला तीन आठवडे असताना पहाटे गच्चीवरून घोगरा आवाज आला. घसा बसलेल्या माणसानं हाक मारावी तसा. मी वर गेलो तोवर दोन्ही पाखरं गप्प होती. मागोमाग मावशी आल्या.

“कंचा हाय त्यो?”

“उद्या पहाटे पाहून सांगतो.”

“उद्या बिद्या न्हाय. आजच.”

त्यांच्याकडे एक दिवस हट्टानं मागता आला असता. पण त्या दिवशी कंपनीत रिलीज होता आणि मला प्रश्न संपवायचा होता. मी दोघांकडे टेस्टरच्या नजरेनं पाहिलं. मुलीचं पाखरू मोठं, छाती काढून चालणारं, माणसाला न भिणारं. झुपका स्वच्छ मागे वळलेला. दुसरं कोपऱ्यात अंग चोरून, डोकं गोल. मला शंकाच उरली नाही. मुलीचं पाखरू पिशवीत घालून मी मंडईबाहेरच्या कोंबड्या विकणाऱ्याला दिलं. पिशवीतून ते माझ्याकडे बघत होतं, आवाज करत नव्हतं.

दुसऱ्या पहाटे गच्चीवर पुन्हा तोच आवाज झाला.

तेव्हा मला कळलं. झुपका मागे वळला होता, कारण पाच महिने मीच तो रबरानं मागे ओढून बांधत होतो. ती धीट होती, कारण तिला हातावर वाढवली होती. दुसऱ्याचं डोकं गोल होतं, कारण सहा महिने भरले नव्हते आणि त्याची लांब पिसं अजून यायची होती. ज्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं तो कोंबडा होता.

मी धावत मंडईत गेलो. “ती पांढरी? कालच गेली की,” विकणारा म्हणाला.

“कुणी नेली? पाळायला की...?”

“साहेब, गिऱ्हाईकाला असं इचारत्यात व्हय?”

कोंबडा मी पेठेत परत देऊन आलो. शिक्षकांनी पिशवीत डोकावून विचारलं, “आणि तलंग?” मी सांगितल्यावर त्यांनी कोंबडा खुराड्यात सोडला आणि पिशवीची घडी घालून मला परत दिली. त्यांचा टोमणा मी सहन केला असता.

पुढचे तीन रविवार मी मुलीला फोनवर “कोंबडी मजेत आहे” असं सांगितलं. एकदा तर आज कोंबडी माझ्या बुटावर चढली, हेही सांगितलं. खोटं बोलतानाही अर्धा तास भरत होता, म्हणून बोलत राहिलो.

दिवाळीत ती आली आणि चप्पल न काढता गच्चीत गेली. मी मागे उभा राहून सगळं सांगितलं. रबराचं, मंडईचं, सगळं. ती रडली नाही. रिकाम्या खुराड्याकडे बघत म्हणाली, “पण तू तर म्हणालास, बुटावर चढली.”

कोंबडी दिली हे तिनं पुढे कधीतरी मनातून काढून टाकलं असेल. माझं ते बुटाचं वाक्य काढलं नाही. आता ती नोकरी करते, दूर राहते, महिन्यातून एकदा फोन करते. “बाबा, बरा आहेस?” असं विचारते. मी हो म्हणतो. मग ती तेच पुन्हा विचारते.