आवाज बंद केलेलं भूत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील तर ते माझ्या मामांचे, आणि सिनेमातल्या भुतांवर मामांइतकी माया करणारा माणूस उभ्या अकोले तालुक्यात दुसरा नाही. नायक-नायिकेची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पण कोणत्या भुताचा कुठला डोळा फुटका होता, कोण उलट्या पावलांनी जिना चढलं, हे ते भाताच्या खाचरात चिखल तुडवतानाही सांगतात. भुताबद्दल वाईट बोललेलं त्यांना खपत नाही. "हिरो गानी म्हनतो, बागंत लोळतो. राबतं कोन? भूत! दारं वाजवायची, दिवे घालवायचे, समदं त्यानंच," असं ते कळवळून म्हणतात. त्यावर मामी "मग त्यालाच आना की भात लावायला," म्हणून मोकळ्या होतात.

मोबाईलची रिंगसुद्धा त्यांनी तसलीच लावलेली: आधी दार करकरतं, मग एक बाई हुंदके देते, मग घंटा. एकदा मामींच्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, दहाव्याला आम्ही प्रवरेच्या घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. तासाभरानं एक खाली उतरला, त्यानं चोच पुढे केली, आणि मामांच्या खिशात दार करकरलं. कावळा थेट पलीकडच्या काठावर. "पाव्हनं, त्यो बाजा आधी नदीत टाका!" सासरवाडीचं कुणीतरी ओरडलं. मग लोकांनी तात्यांना नाना वचनं देऊन पाहिली. शेवटी मामाच हात जोडून पिंडापुढे बसले. "तात्या, चुकलं माझं. बंद केला बघा." पाच मिनिटांत कावळा शिवला. तात्यांची इच्छा तेवढीच राहिली होती, असं मामा आजही छातीठोक सांगतात.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. संगमनेरला पहिल्याच तोंडी परीक्षेत सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला आणि माझी वाचाच बसली. "सोमवारी पुन्हा या," एवढंच ते म्हणाले. मी बॅग भरली, एसटीनं थेट मामांकडे आलो आणि कॉलेज सोडल्याचं जाहीर केलं. मामा रागावले नाहीत. भरदुपारी त्यांनी आपला आवडता भुताचा सिनेमा लावला. संगीत चढत गेलं, माझ्या अंगावर काटा आला, तेवढ्यात त्यांनी टीव्हीचा आवाज पार बंद केला.

"आता बघ."

रबरी मुखवटा घातलेला एक माणूस हात पुढे करून अडखळत चालला होता. मानेपाशी मुखवटा सुटला होता.

"उकडत असंल बिचाऱ्याला," मामा म्हणाले. "भ्याव बाजात असतं भाच्या, भुतात न्हाई. तुज्या सरांचा बाजा तुज्याच डोक्यात वाजतोय. तेवढा बंद कर आन् सोमवारी जा."

गेलो. समोर सर्दी झालेले, चष्मा पुसत बसलेले एक गृहस्थ होते. प्रश्न तोच होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं. त्यांनी मान डोलावली. मी कॉलेजात राहिलो.

यंदा पदवी हाती आली. मामांना हल्ली ऐकू फार कमी येतं. फोन वाजला की मामी त्यांचा खांदा हलवतात, पण पलीकडचं बोलणं काही कळत नाही. म्हणून पत्र टाकलं:

"तीर्थरूप मामांस शिरसाष्टांग नमस्कार. पदवीचा कागद मिळाला. त्यावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे, आईचंही आहे. तुमच्या नावासाठी कुठे जागा आहे का, म्हणून मी तो मागूनपुढून दोनदा पाहिला. नाही. शनिवारी घेऊन येतो. चौकटीत घालण्याआधी मागच्या कोऱ्या बाजूवर तुमची सही हवी आहे."