अफूचा ताणा

निपाणीच्या डॉक्टरांनी माझी पापणी उचलून बघितली, दंडावर उभे राहिलेले काटे बघितले आणि भरल्या सोप्यात, होणाऱ्या व्याह्यांसमोर विचारलं, "अफू कधीपासून खाता?"

माझ्या लेकीच्या, गंगूच्या सुपारीचा तो दिवस. पाट मांडले होते आणि मी घोंगड्यावर मुटकुळं करून पडलो होतो. सगळ्यांना वाटलं पटकी झाली. बायकांनी पोरं उचलून परसात नेली. भटजी तर अंगणातूनच बोलायला लागले.

झालं होतं एवढंच, की वडगावहून निपाणीला व्याह्यांकडं निघताना माझी अफूची डबी घरच्या कोनाड्यात राहिली. एक दिवस निभावलं. दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या, मग नाक-डोळे गळायला लागले, मग पोट. पिंढऱ्यांत अशी ओढ, की पाय कुठं ठेवावेत कळेना.

डॉक्टर म्हणाले, "ही पटकी नव्हे. याला विथड्रॉवल म्हणतात. अंगाला रोजचं विष मिळालं नाही की अंग असं बंड करतं." त्यांनी थोडी अफू पाण्यातून दिली. घटकाभरात मी उठून बसलो. लाज पुरी झाली ती तिथं. पडून राहिलो असतो तर पटकी म्हणून तरी खपलं असतं.

व्याही हात जोडून म्हणाले, "पाव्हणं, अफूखाऊच्या घरची सोयरीक आमाला झेपायची न्हाय. सुटली तर या. मग बघू."

मी म्हटलं, "सुटली म्हनूनच समजा."

मी तिसरी यत्ता शिकलेला विणकर. पण शब्द दिला की दिला.

अफू मी चैनीसाठी धरली नव्हती. आमचा माग खड्ड्यातला, पाय खाली सोडून विणायचं. पाय सारखे ओलीत. गुडघे धरले, खोकला लागला, तेव्हा चुलत्यानं गुंजभर दिली. दुखणं गेलं, ते परत येऊ नये म्हणून रोज घेऊ लागलो. पुढं दुखणं राहिलं बाजूला, अफूच दुखणं झाली. पोट आठवडा-आठवडा साफ होईना, जेवण नकोसं झालं. तरी मी म्हणायचो, मला काही झालेलं नाही. त्याच्याही आधी, पाळण्यात असताना, आई बाळगोळी चाटवायची. तिच्यातही अफूच. पोर निजलं की बाईला सुताच्या कांड्या भरायला मोकळीक. आमच्या आळीत सगळ्याच आया तसं करायच्या. त्यांना मी बोल लावत नाही. पण तुमच्या घरात अजून ती गोळी असेल तर आजच फेका.

वडगावला आल्यावर मी आळीदेखत डबी विहिरीत टाकली. लोक म्हणाले, आप्पा म्हणजे आप्पा. चार दिवसांत आप्पा अंथरुणातच घाण करत होता. मग शुद्ध गेली. मला बैलगाडीत घालून बेळगावच्या दवाखान्यात नेलं.

तिथले मोठे डॉक्टर चिडले. "एकदम सोडायला कुणी सांगितलं? या वयात जीव गेला असता. टिंक्चर देतो, म्हणजे दारूत मुरवलेला अफूचा अर्क. दर खेपेला थोडा कमी करत जायचं."

मी तोंड भिंतीकडं केलं. सोडली म्हटल्यावर परत तोंडाला लावू? मेलो तरी चालेल.

बायको उशाशी बसली होती. ती हळूच म्हणाली, "अवो, ताणा संपला की तुमी काय करतासा? कातरीनं कापून मोकळं व्हतासा?"

मी चादर डोक्यावरून ओढली.

"बोला की. जुन्याच्या टोकाला नवा सांधतासा न्हवं? येक येक धागा, राखंचं बोट लावून, पिळून. कापला तर समदी फणी रिकामी. मग हितंच कशी कातरी काढलीसा?"

जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागावर ठेवूनच नवा जोडायचा, हे आमच्यात पोराला पहिल्यांदा शिकवतात. कापून टाकला तर हजारभर धागे पुन्हा फणीतून ओवत बसावं लागतं. ते मला बाईमाणसानं सांगावं याचा राग आला. पण खोटं काही नव्हतं. मी वळलो आणि तोंड उघडलं.

ते दिवस लांबच लांब गेले. बाटली यायची, मी घोट घ्यायचो, पडून राहायचो. शेजारच्या खाटेवर रोगी बदलत, मी तिथंच. झोप नाही. अंगात मुंग्या. बाटलीत किती आहे असं विचारलं की डॉक्टर म्हणत, "ते सांगणार नाही. कळलं की तुमचं मन तेच मोजत बसेल."

एकदा त्यांना यायला उशीर झाला. मी खाटेवरून ओरडलो, "माझं औषध आना, न्हायतर जीव जाईल!"

डॉक्टर आले, खाटेवर टेकले. "आप्पा, गेला आठवडाभर बाटलीत अफूचा थेंब नाही. काडेचिराईताचं कडू पाणी आहे."

मी भडकलो. "मला फसवलं?" सगळा वॉर्ड हसला. बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "येवढा नावाजल्याला विणकर, आन् जोड कुठं संपला ते बोटाला कळंना व्हय?"

मग मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

गंगूचं लग्न झालं. व्याह्यांनी शब्द पाळला, मीही पाळला. पंगत उठल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, मानपानाचं काही राहिलं. ते खाली बघत म्हणाले, "आप्पा, आमचा धाकटा भाऊ बी खातोय. घरात कुनाला दाखवलं न्हाय. त्या डॉक्टराकडं तुमी न्ह्यालासा तर..."

सुपारीच्या दिवशी हाच माणूस मला अफूखाऊ म्हणाला होता. टोमणा जिभेवर आला होता. गिळला.

त्या धाकट्याला मी स्वतः नेलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकड्यावर आम्ही बसलो. त्याचं नाक गळत होतं. त्यानं विचारलं, "आप्पा, सोडताना लई तरास हुतोय काय?"

आता मी थकलोय. गुडघे तसेच आहेत, ओल लागली की रडवतात. अजूनही सकाळी हात कोनाड्याकडं जातो. हे संपतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि लाजून घरात मरूही नका.

त्या दिवशी बाकड्यावर मी त्याला खरं तेच सांगितलं.

"व्हय रं. लई हुतोय. मी बसतो हितं."